चित्रातला घोडा आणि आकड्यांचे वारे : संगणकीय अनुकरणाच्या ज्ञानमूल्याचा प्रश्न

‘सिम्युलेशन’ या संज्ञेला मराठीत अद्याप एक स्थिर पर्याय लाभलेला नाही. ‘सदृशीकरण’, ‘प्रतिरूपण’, ‘अनुरूपण’ असे शब्द परिभाषेत वावरतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिला जातो. ही अडचण केवळ भाषांतराची नाही. मूळ लॅटिन शब्दात ‘सारखे करणे’ आणि ‘सोंग आणणे’ अशा दोन्ही छटा आहेत. पहिली छटा ज्ञानाकडे नेते, दुसरी फसवणुकीकडे. मराठीतील ‘सोंग’ या शब्दातही हेच द्वैत आहे : दशावतारातले सोंग प्रेक्षकाला फसवत नाही, व्यवहारातले सोंग फसवते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून विज्ञानाने या सोंगाला आपल्या प्रयोगशाळेत स्थान दिले. संगणकाने उभ्या केलेल्या अनुकृतीतून मिळणारे ज्ञान कोणत्या प्रतीचे, हा प्रश्न तेव्हापासून तत्त्वज्ञांपुढे आहे. अनुकृतीच्या ज्ञानमूल्याची चर्चा साहित्यशास्त्राला नवी नसल्यामुळे तौलनिक अभ्यासकांनाही तो परका वाटण्याचे कारण नाही.

या इतिहासाचा प्रारंभ संगणकाच्या आधी, एका अपयशापासून होतो. ब्रिटिश गणिती लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवामानाचा अंदाज केवळ आकडेमोडीने वर्तवण्याची पद्धत मांडली. उदाहरणादाखल त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या मध्य युरोपातील नोंदी घेतल्या आणि सहा तासांतील बदल हाताने मोजला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना या कामाचा बराच भाग त्यांनी पार पाडला. उत्तर आले ते असे की, वायुदाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. आश्चर्य असे की, रिचर्डसन यांची समीकरणे मूलतः बरोबर होती. आरंभीच्या नोंदींमधील सूक्ष्म विसंगतींनी सारे उत्तर बिघडवले होते; त्या नोंदी सम करून घेतल्यास तीच पद्धत सयुक्तिक उत्तर देते, हे पीटर लिंच यांनी पुढे दाखवून दिले. सत्य गृहीतकांतून असत्य चित्र निघू शकते, हा या क्षेत्राचा पहिला धडा होय.

१९५० साली ज्यूल चार्नी, रॅग्नार फ्योर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमान यांनी ‘एनियाक’ या संगणकावर चोवीस तासांचे अंदाज काढले. प्रत्येक अंदाजाला यंत्राचाही सुमारे चोवीस तासांचा वेळ लागला, म्हणजे आकडेमोड निसर्गाच्या जेमतेम बरोबरीने चालली. या यशामागील तडजोड महत्त्वाची आहे. रिचर्डसन यांची समीकरणे निसर्गाला अधिक जवळची होती. चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणीवपूर्वक कितीतरी सोपी, म्हणजे निसर्गाला कमी निष्ठ अशी समीकरणे वापरली. अधिक साम्य म्हणजे अधिक सत्य, या साध्या समजुतीला येथे तडा गेला.

याच काळात लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत अनुकरणाची आणखी एक परंपरा घडत होती. निकोलस मेट्रोपोलिस आणि स्टॅनिस्लाव उलाम यांचा ‘मॉन्टे कार्लो’ पद्धतीवरील निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. न्यूट्रॉनचा प्रवास समीकरण सोडवून नव्हे, तर यादृच्छिक आकड्यांच्या साहाय्याने एकेका कणाची कल्पित जीवनकथा रचून समजून घ्यावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी १९९७ च्या ‘इमेज अँड लॉजिक’ या ग्रंथात, सिद्धान्त आणि प्रयोग यांच्या प्रस्थापित नकाशावर या पद्धतीला ठराविक जागा नव्हती, हे तपशिलाने दाखवले आहे.

जागेचा हा प्रश्न एन्रिको फर्मी, जॉन पास्ता, उलाम आणि मेरी त्सिंगू यांच्या कामाने अधिक तीव्र केला. ‘मॅनियाक’ संगणकावर त्यांनी किंचित अ-रेषीय अशा स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी तपासली. एका कंपनप्रकारात घातलेली ऊर्जा हळूहळू सर्व प्रकारांत वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. आकडेमोडीत ऊर्जा काही मोजक्या प्रकारांत फिरली आणि बऱ्याच काळाने जवळजवळ पूर्ववत पहिल्या प्रकारात परतली. हा अहवाल १९५५ साली, फर्मी यांच्या निधनानंतर, तयार झाला. या कोड्याचा पाठपुरावा करताना नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी १९६५ साली ‘सॉलिटॉन’ ही संकल्पना मांडली. यंत्रासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या त्सिंगू यांचा उल्लेख अहवालात केवळ ऋणनिर्देशापुरता होता. या समस्येच्या नावात त्यांचे नाव जोडावे, असा आग्रह २००८ मध्ये धरला गेला आणि आता ते नाव रूढ झाले आहे. येथे यंत्रात घातले ते सर्व माणसाला ठाऊक होते, तरीही बाहेर आले ते कोणालाच ठाऊक नव्हते. जाणकारांना चकित करू शकते ती केवळ आकडेमोड म्हणावी की प्रयोग, हा वाद येथून सुरू होतो.

हैदराबादमध्ये १९२७ साली जन्मलेले अनीसुर रहमान यांचे काम या वादातील एक निर्णायक टप्पा आहे. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी ८६४ कणांचा द्रवरूप आरगॉन संगणकात उभा केला. त्यावरील निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक कणावर इतर कणांचे बल मोजायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे, आणि ही क्रिया पुनःपुन्हा करायची. कणांच्या परस्पर अंतरांची रचना आणि त्यांच्या पसरण्याचा वेग ही प्रयोगशाळेत मोजता येणारी फले प्रत्यक्षाशी चांगली जुळली. परंतु द्रवातील एकेका अणूचा नागमोडी मार्ग कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अनुकृती होती, ज्याची अनुकृती, ते मूळ मात्र अदृष्ट होते.

ज्या अनुकृतीत जाणूनबुजून खोटे घातले जाते, तेथे हा पेच अधिक गहन होतो. स्फोटाच्या आघाततरंगाची जाडी रेणूंच्या दोन टकरींमधील सरासरी अंतराइतकी सूक्ष्म असते. संगणकाच्या जाळ्यातील चौकटी तिच्यापुढे अजस्र असतात. १९५० साली फॉन नॉयमान आणि रॉबर्ट रिश्टमायर यांनी समीकरणांत ‘कृत्रिम श्यानता’ घातली. निसर्गात तिला जोड नाही. तिच्यामुळे तरंग अनेक चौकटींवर पसरतो, म्हणजे त्याचे चित्र उघडच खोटे ठरते. तथापि वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशेब अबाधित राहिल्यामुळे तरंगाचा वेग आणि त्याच्या दोन बाजूंमधील फरक बरोबर येतो. हवामानशास्त्रातही असेच घडले. नॉर्मन फिलिप्स यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या, शीर्षकातच ‘संख्यात्मक प्रयोग’ म्हणवणाऱ्या निबंधात वातावरणाचे अभिसरण प्रथमच आकड्यांतून उभे राहिले. परंतु सुमारे तीस दिवसांच्या कल्पित हवेनंतर ते कोसळले. अकिओ अराकावा यांनी १९६६ साली सुचवलेल्या पद्धतीत घर्षणरहित द्विमितीय प्रवाहातील दोन राशी, म्हणजे गतिज ऊर्जा आणि भोवऱ्यांच्या तीव्रतेचा वर्ग, आकडेमोडीतही कायम राहतील अशी तजवीज होती. खऱ्या वातावरणात घर्षण असते, गतिज ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो. तरीही या बंधनामुळेच आकड्यांचे वारे दीर्घकाळ वाहू लागले.

तत्त्वज्ञानात या सामग्रीची पद्धतशीर दखल बरीच उशिरा घेतली गेली. पॉल हम्फ्रीज यांनी २००४ च्या ग्रंथात ‘ज्ञानात्मक अपारदर्शकता’ हा मुद्दा मांडला : आकडेमोडीतील असंख्य पायऱ्या माणसाला एकेक करून तपासता येत नाहीत, म्हणून ज्ञानव्यवहाराच्या केंद्रस्थानी माणूस उरत नाही. एरिक विन्सबर्ग यांनी कृत्रिम श्यानतेसारखी उदाहरणे घेऊन, असत्य गृहीतकेही विश्वसनीय असू शकतात, असे प्रतिपादन केले. मार्गारेट मॉरिसन यांनी काही अनुकरणांना मापनाचा दर्जा देण्याची बाजू मांडली. उलट रोमन फ्रिग आणि ज्युलियन राइस यांनी २००९ साली, यात नवे तत्त्वज्ञान फारसे नाही, प्रतिमाने आणि प्रयोग यांविषयीचे जुनेच प्रश्न नव्या वेषात आले आहेत, असा आक्षेप घेतला. त्याआधी १९९४ साली नाओमी ओरेस्केस आणि त्यांच्या सहलेखकांनी भूविज्ञानातील संगणकीय प्रतिमानांची पूर्ण सत्यसिद्धी अशक्य असल्याचे सांगताना प्रतिमानाची तुलना थेट कादंबरीशी केली होती.

फ्रिग आणि राइस यांचा आक्षेप मान्य केला, तरी ‘जुने’ म्हणजे किती जुने, हे पाहणे उद्बोधक ठरते. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य श्रीशंकुक यांचा ग्रंथ उपलब्ध नाही. त्यांचे मत प्रामुख्याने अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’तून कळते. नट हा रामाच्या भावाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्या अनुकृतीवरून भावाचे अनुमान करतो, असे शंकुकांचे म्हणणे. ‘हा राम’ ही प्रेक्षकाची प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यही नव्हे. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणावे, तशी ती वेगळ्याच जातीची आहे. गॅलिसन यांच्या नकाशावर संगणकीय अनुकरणाला जशी जागा नव्हती, तशी प्रमाणशास्त्राच्या नकाशावर या प्रतीतीला नव्हती.

अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांचे खंडन येथे विशेष मर्मग्राही ठरते. अनुकरण म्हणायचे तर मूळ आणि अनुकृती दोन्ही ठाऊक हवीत. रामाची रती पाहिली आहे कोणी? रहमान यांच्या अणुमार्गांना आणि शंभर वर्षांनंतरच्या हवामानाच्या चित्राला हाच प्रश्न विचारता येतो. शंकुकांच्या बाजूने मात्र धर्मकीर्तींचा एक दृष्टान्त पुढे येतो. एकाला रत्नाची प्रभा दिसते, दुसऱ्याला दिव्याची. दोघेही प्रभेलाच रत्न समजून धावतात. चूक दोघांचीही आहे, पण रत्न एकालाच मिळते. त्याला ते मिळते ते प्रभा रत्नासारखी दिसते म्हणून नव्हे, तर ती रत्नापासून निघालेली असते म्हणून. कृत्रिम श्यानता ही अशी रत्नप्रभा होय : तरंगाचे रूप तिच्यात खोटे आहे, पण संवेग आणि ऊर्जेच्या हिशेबाने ती मूळ वस्तूशी बांधलेली आहे. रिचर्डसन यांच्या समीकरणांत रूप खरे होते. आरंभीच्या नोंदींशी मात्र बांधणी सुटली होती. म्हणजे अनुकृतीची कसोटी साम्य नसून संबंध आहे.

ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. शंकुकांचे प्रयोजन आस्वादाच्या उपपत्तीचे आहे, भाकिताचे नव्हे. प्राचीनांना संगणक ठाऊक होता असे सुचवणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे ठरेल. शिवाय दृष्टान्तातील माणूस धावत जाऊन रत्न हातात घेऊ शकतो. भविष्यातील हवामानाबाबत ही सोय नाही. तेथे धावण्याआधीच प्रभा कोणाची, याचा निर्णय करावा लागतो. भारतात हा प्रश्न ग्रंथापुरता नाही. गिल्बर्ट वॉकर यांच्या काळापासून मान्सूनचा हंगामी अंदाज प्रामुख्याने सांख्यिकीय सहसंबंधांवर बेतलेला होता. २०१२ साली सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’ने, ज्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची प्रमुख भूमिका होती, समुद्र आणि वातावरण यांच्या संगणकीय अनुकरणावर भर दिला. पेरणी कधी करावी, धरणातले पाणी किती राखावे, हे निर्णय काही अंशी एका सोंगाच्या भरवशावर होऊ लागले.

म्हणून ‘संगणक खरे सांगतो का’ या प्रश्नापेक्षा ‘या अनुकृतीत काय जाणूनबुजून खोटे आहे, आणि त्या खोट्यातूनही मूळ वस्तूशी कोणता धागा शाबूत आहे’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. तो विचारण्यासाठी लागणारा विवेक समीकरणांच्या जाणकारांकडे आहे, तसाच अनुकृती आणि भ्रम यांतील भेद शतकानुशतके तपासणाऱ्या काव्यशास्त्राकडेही आहे. चित्रातल्या घोड्यावर कोणी स्वार होत नाही; आकड्यांच्या वाऱ्यावर मात्र आज शेते आणि शहरे विसंबली आहेत. शंकुक आणि भट्टतौत यांच्यातील वाद त्यामुळे केवळ इतिहासजमा झालेला नाही.