बार्शी लाइटची आगगाडी

बार्शीच्या पेठेला आगगाडीने आरंभी हुलकावणीच दिली. जी. आय. पी. कंपनीचे रूळ गावापासून एकवीस मैलांवरून निघून गेले. तिथल्या स्टेशनाला नाव मात्र पडले ‘बार्शी रोड’! तेच आजचे कुर्डुवाडी. कापूस आणि गळिताचे धान्य तिथवर बैलगाड्यांनी न्यावे लागे. हे अंतर जोडण्याचा ध्यास एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने घेतला, आणि १८९७ साली अडीच फुटी रुळांवरून त्याची गाडी बार्शीला पोचली.

कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती. रूळ हलके, तेव्हा कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. ओझे मोठे असेल तर ते अधिक चाकांवर वाटून द्यायचे. या हिशेबावर ही चिमुकली गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली निजामाच्या राज्यातल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला जाऊन भिडली. लातूर ते मिरज दोनशे मैलांची वाट झाली.

आषाढी-कार्तिकीला मात्र तिचे डबे पुरत नसत. मग मालाच्या वाघिणींतून वारकरी जात. माझी आजी १९४६ च्या आषाढीला अशाच वाघिणीतून बार्शीहून पंढरीला गेली. टाळमृदंग, घाम, कोळशाची धूळ आणि विठ्ठलनामाचा गजर! ते वर्णन आम्ही पोरे कितीदा ऐकत असू. तिकीट जात विचारत नसे. पण माणसे विचारीत. आणि पंढरीच्या देवळाचे दार तेव्हा अस्पृश्यांना बंदच होते. पुढल्या वर्षी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते उघडले.

१९५४ च्या आरंभी कंपनीची ही रेल्वे सरकारने घेतली. मोटारी आल्या, गर्दी पांगली. लहानपणी मीही त्या गाडीत बसलो आहे. चढावर ती अशी रेंगाळे की वाटे, उतरून बरोबर चालावे. पुढे टप्प्याटप्प्याने सारी वाट रुंद झाली आणि ती छोटी गाडी गेली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले. मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून गाडी निघाली, ती पंढरपूर-कुर्डुवाडीच्या याच वाटेने. आजी तेव्हा नव्वदीत होती. वर्तमानपत्रातले त्या गाडीचे चित्र तिने डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिले. मग आम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. त्या १९४६ च्या वाघिणीत, दाराशी अंग चोरून एक बाई बसली होती. मांडीवरचे मूल रडून रडून कोरडे पडले होते. तिने पाणी मागितले. साऱ्यांनी ऐकले, कोणी हलले नाही. पंढरपूर येईपर्यंत भजन चालूच राहिले.

“आणि तू गं?” मी विचारले.

आजीने वर्तमानपत्राची घडी घातली.

“माझा तांब्या भरलेला होता,” ती म्हणाली.