कोरडी भेंडी आणि उशिरा आलेला भात

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या घरांत दुपारच्या ताटात काय असतं, असं तिथल्या कुणालाही विचारलं तरी उत्तर फारसं वेगळं येणार नाही. पोळी, एखादी भाजी, वरण आणि भात, आणि भाज्यांमध्ये भेंडीचा मान मोठा, कारण मुलं ती न कुरकुरता खातात. हे ताट इतकं सवयीचं आहे की त्याला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण त्यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भेंडी आणि भात एकाच ताटात असतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. भात वरणाशी कालवला जातो, भेंडी पोळीच्या नाहीतर भाकरीच्या घासात जाते. पोळी संपली आणि भेंडी उरली तर ती भाताबरोबर खाल्ली जाते खरी, पण ती सोय म्हणून, रीत म्हणून नव्हे. माझं म्हणणं असं, की या दोन पदार्थांमधलं हे अंतर मराठवाड्याच्या स्वयंपाकाच्या इतिहासाचा पुरावा आहे. इथल्या भेंडीची कृती भाकरीच्या काळात ठरली. भात रोजचा म्हणून इथल्या चुलीवर फार उशिरा चढला, आणि तोवर भेंडीची घडण पक्की झाली होती.

ज्या मुलखात भात हेच मुख्य अन्न आहे तिथे भेंडीचं काय होतं ते आधी पाहू. कोकणात आमसुलं आणि ओलं खोबरं घालून भेंडीचं पातळ कालवण करतात, गोव्यात ती कोळंबीच्या रश्शात पडते. आंबटामुळे चिकटपणा आटोक्यात राहतो आणि रस भातावर घ्यायला मिळतो. पश्चिम आफ्रिकेत तर भेंडीचा बुळबुळीतपणा हा दोष मानतच नाहीत. रस्सा दाट व्हावा म्हणूनच ती घालतात. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर ही समज अटलांटिक ओलांडून गेली. लुइझियानातला गंबो भातावर वाढला जातो, आणि कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर भेंडी आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवण्याची रीत आजही आहे. आता मराठवाड्यातली कृती पाहा. भेंडी धुऊन फडक्याने कोरडी पुसायची, मगच चिरायची. सुरीला पाणी लागू द्यायचं नाही. तेल सढळ, कढई पसरट किंवा सरळ लोखंडी तवा, वर झाकण नाही, मीठ शेवटी. उरलासुरला ओलावा शेंगदाण्याचं कूट शोषून घेतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ही कृती पाण्याशी झुंजते. चिमटीत धरलेल्या भाकरीच्या तुकड्यात मावेल, बोटांवरून ओघळणार नाही, अशी भाजी त्यातून तयार होते. ज्या चुलीवर नुकत्याच भाकरी उतरल्या तिथला तापलेला तवा तिच्यासाठी पुरेसा होता.

हे असं का, याचं उत्तर जमिनीत आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर पडतो, तोही बेभरवशाचा. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी हिवाळ्यातल्या ओलीवर आणि दवावर निघते, हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी येते. ज्वारीचा कडबा जनावरांना पुरतो, म्हणजे एकाच पिकात माणसाचं आणि बैलाचं दोघांचं भागतं. पाणी साठवून लावणी करायची भाताची शेती या कोरडवाहू मुलखाला परवडणारी नव्हती. नांदेडच्या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात थोडा भात होतो, पण तो अपवाद. शेतावर न्यायच्या शिदोरीलाही भाकरीच सोयीची. ती फडक्यात बांधून नेता येते, दुपारपर्यंतच काय, दुसऱ्या दिवशीही खाता येते. उन्हाळ्यातला भात संध्याकाळी आंबतो.

तांदूळ मिळतच नव्हता असं मात्र नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्याच संस्थानातला तेलंगण तळ्यांच्या पाण्यावर भात पिकवत होता. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे औरंगाबादवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून, धावू लागली, तेव्हा तो तांदूळ इकडे आणणंही सोपं झालं. शहरातल्या मुस्लिम घरांत बिर्याणी, ताहारी, खिचडी हे पदार्थ होतेच. तरीही या शहराची ओळख म्हणून ज्या पदार्थाचं नाव घेतलं जातं तो नान-कलिया, म्हणजे नान आणि रस्सा. परंपरा त्याचा धागा चौदाव्या शतकात, दिल्लीहून दौलताबादला आलेल्या तुघलकाच्या लष्करापर्यंत नेते. त्या कथेतला इतिहास किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी रश्शाबरोबर इथे रोटी निवडली गेली, भात नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की दख्खनला भात कधी अनोळखी नव्हताच. आक्षेप बरोबर आहे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता आजच्या मराठवाड्यावर होती. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचं प्रकरण आहे, आणि तिथे तांदळाच्या अनेक जाती नावांनिशी येतात. अक्षतेला तांदूळ लागतो, नैवेद्याच्या वाटीत वरण-भाताची मूद लागते, श्राद्धाचा पिंड भाताचा असतो, आजाऱ्याला मऊ भात देतात. जन्मापासून मरणापर्यंत तांदूळ सोबत आहे. पण या सगळ्या जागा कोणत्या आहेत? राजाचं ताट, देवाचं ताट, पितरांचं ताट, पाहुण्याची पंगत, आजाऱ्याचं अंथरूण. जे रोज खातात ते देवापुढे अपूर्वाईने ठेवावं लागत नाही. तांदळाचा मान मोठा होता याचं एक कारण तो दुर्मीळ होता हे आहे. म्हणून भाताची ही प्राचीनता माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही. सणाचा भात वरण-तुपाशी जोडलेला होता, आणि रोजची भेंडी भाकरीशी. दोघांची गाठ पडण्याचे प्रसंगच कमी होते.

आता ‘रोजची भेंडी’ हे शब्दही तपासून घेतले पाहिजेत, कारण भेंडीसुद्धा बारमाही नव्हती. तिचं मूळ आफ्रिकेत की भारतात यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, तरी आपल्याकडे ती जुनी आहे हे नक्की. मात्र ती परसातली, पावसाळ्यातली भाजी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नेम असतो आणि त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अनेक घरी भेंडी पडते. परसात, नांगराविना, भाद्रपदाच्या सुमारास सहज मिळणारी भाजी हे तिचं जुनं स्थान त्या नेमात टिकून राहिलं आहे. मोठ्या प्रमाणावर ती पिकवायची म्हटलं की हळद्या हा रोग आडवा येई. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान पिवळं होतं, शेंगा फिक्या आणि राठ निघतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या या रोगाच्या विषाणूची नोंद १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातूनच पहिल्यांदा झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात ‘पुसा सावनी’ हे वाण काढलं, ते या रोगापुढे काही काळ टिकलं.

आणि इथे ही गोष्ट पुंडलिकनगरच्या अगदी जवळ येते. साठेक किलोमीटरवरच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्याच्या धंद्याची सुरुवात केली ती याच पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. पुढे जालना देशभर बियाण्यासाठी ओळखलं जाऊ लागलं आणि १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कापूस, ज्वारी, बाजरी यांच्या गदारोळात त्या भेंडीची आठवण मागे पडली, पण एका मोठ्या उद्योगाचा पाया या साध्या भाजीने घातला याचं महत्त्व कमी होत नाही. पुसा सावनीची प्रतिकारशक्ती काही वर्षांत ढासळली. तेव्हा पुढचं पाऊल परभणीने टाकलं. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर या रोगाला दाद न देणाऱ्या तिच्या एका नातलग जातीशी केला. असा दूरचा संकर सहसा वांझ निघतो. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करत त्यांनी खाण्याजोगी, फळणारी आणि हळद्याला तोंड देणारी भेंडी मिळवली. ‘परभणी क्रांती’ या नावाने ती १९८५ मध्ये प्रसारित झाली आणि मराठवाड्याबाहेर दूरवर पोचली. १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं होतं, विहिरींवर पंप बसत होते. पाणी आणि रोगाला न हरणारं बी, या दोन्हींमुळे भेंडी उन्हाळ्यातही निघू लागली. भाजी परसातून मंडईत आली, श्रावण-भाद्रपदातून बाराही महिन्यांत आली.

भाताचं येणं याच पिढीतलं, पण वेगळ्या वाटेने. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. मिलो म्हणजेही ज्वारीच. तोवर संकटातलं धान्यसुद्धा भाकरीचंच होतं. त्यानंतर चित्र पालटलं. हरित क्रांतीने पंजाब, आंध्र आणि इतर राज्यांत जो तांदूळ-गहू पिकला तो सरकारी गोदामांत साठला आणि रेशनच्या दुकानातून इथे आला. ज्वारीची तेवढ्या प्रमाणावर खरेदी झाली नाही. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा हजेरी लावणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळू लागला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि त्यानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली. भाकरीच्या मुलखातल्या मुलांची एक संपूर्ण पिढी दुपारी भात खाऊन वाढली, ही घटना माझ्या मते कुठल्याही पाकपुस्तकापेक्षा मोठी आहे. अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. तेव्हा माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो दराने मिळत होतं. २०१५ मध्ये याच दराने मराठवाड्यासह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही धान्य देण्याचं ठरलं. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. धान्य पिकवणाऱ्या घरात न पिकणारं धान्य सरकारी मापाने येत राहिलं, ही या सगळ्याची खरी कहाणी आहे.

शहरात याला आणखी कारणं मिळाली. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांसाठी माणसं आली, १९७० च्या दशकात सिडकोने नवं औरंगाबाद आखायला घेतलं, आणि त्याच्या कडेने पुंडलिकनगरसारख्या वसाहती भरत गेल्या. दोन खोल्यांच्या घरात चूल नाही, आधी रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. स्टोव्हवर भाकरी नीट फुगत नाही, कुकरमध्ये मात्र वरण आणि भात एकदमच होतात. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० मधल्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांनी वाटी-चमच्याच्या मापात जो स्वयंपाक नव्या गृहिणींना शिकवला, त्यात पोळी-भाजी-वरण-भात अशी चौकट गृहीत होती. ती चौकट पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची होती. नोकरीबरोबर ती इथेही प्रतिष्ठेची झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठवाड्यात पातळ पदार्थ भाकरीबरोबर खात नाहीत का? पातळ पिठलं, येसराची आमटी, डाळ घातलेल्या पालेभाज्या यांत भाकरी कुस्करून खाणं हीच तर इथली खरी चव. मग भाकरीमुळे भेंडी कोरडी झाली असं कसं म्हणायचं? मला वाटतं, या आक्षेपामुळे माझा मुद्दा थोडा आवरून मांडावा लागतो. भाकरी कोरड्या भाजीची सक्ती करत नाही, ती फक्त कोरड्या भाजीला जागा देते. भात ती देत नाही, कारण कोरड्या भाजीने भात घशाखाली उतरत नाही, त्याला काहीतरी ओलं लागतंच. भाकरीच्या ताटात ओल्याचं काम डाळ आणि बेसन करत होते. त्यामुळे भेंडीवर रस्सा देण्याची जबाबदारी पडली नाही आणि ती कुरकुरीत राहू शकली. त्यात इथे नारळ नाही, आमसूल बाहेरचं, हाताशी होतं ते शेंगदाण्याचं कूट. उत्तरेकडे जिथे रोटी आहे तिथेही भेंडी बहुतेक परतलेलीच असते, हेही माझ्याच बाजूचं. तिकडे कढीत भेंडी घालतात, पण तिथे ओलेपण कढीचं असतं.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून तो हलका मानू नये. रेशनच्या तांदळाने आमची ज्वारी मारली, पोषण घटलं, चव गेली, असं अनेक जण कळकळीने सांगतात. ज्वारीचं क्षेत्र घटलं हे खरं आहे आणि सरकारी खरेदी तांदूळ-गव्हाकडेच झुकली हा अन्याय आहे. चांगली ज्वारी आज गरिबाला तांदळापेक्षा महाग पडते, हे या धोरणाचं थेट फळ आहे. पण भाकरीच्या त्या काळात पहाटे जात्यावर दळणारी, नंतर गिरणीच्या रांगेत उभी राहणारी आणि रोज घरातल्या प्रत्येकासाठी भाकरी थापून धुरात भाजणारी बाई या तक्रारीत बहुतेक वेळा दिसत नाही. पुंडलिकनगरातली जी बाई सकाळी आठला कामावर निघते तिने कुकर लावून भेंडी तव्यावर टाकली, तर त्यात तिने परंपरा मोडली असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे असं मला वाटत नाही. ज्वारी परत यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी ती रेशनच्या दुकानात रास्त भावाने मागावी आणि तिची भाकरी थापायला घरातले पुरुषही परातीपाशी बसावेत.