वेरूळचे दोन वारसदार: सीमावाद आणि हिंदुत्वाचे राजकारण

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमावाद बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही शहरे आणि ८६५ गावे यांच्याभोवती फिरतो. वेरूळ या यादीत नाही आणि कधी नव्हते. तरीही दोन्ही बाजू आपल्या हक्काचा जो इतिहास सांगतात, त्यात वेरूळचे नाव येतेच. कैलास लेणे ज्यांच्या काळात कोरले गेले ते राष्ट्रकूट कन्नड अभिमानाचा विषय आहेत, तर वेरूळची पाटीलकी सांभाळणारे भोसले हे मराठी अभिमानाचे मूळ पीठ. १९५६ पासून हा वाद भाषेच्या पायावर लढला गेला. १९८० नंतर दोन्ही राज्यांत हिंदुत्वाचे राजकारण वाढत गेले आणि तो पाया सरकू लागला. मागणी मिटली नाही, पण ती कोण करतो, कुठे करतो आणि तिच्यासाठी मत कोण देतो, हे सगळे बदलले.

कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीतले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. बडोदे येथे मिळालेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात त्याने एलापूर येथे बांधवलेल्या शिवमंदिराचा उल्लेख आहे. हे एलापूर म्हणजेच वेरूळ. लेण्याची मांडणी पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी मिळतीजुळती आहे. पुढे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे होती. अमोघवर्षाच्या दरबारात सुमारे ८५० मध्ये रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. विसाव्या शतकात कर्नाटक एकीकरणाची चळवळ उभी राहिली, तेव्हा हे सारे तिच्या उपयोगी पडले. आलूर वेंकटराव यांचे ‘कर्नाटक गतवैभव’ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे वेंकटराव टिळकांच्या राजकारणाने भारावलेले होते आणि ‘गीतारहस्या’चा कन्नड अनुवादही त्यांचाच. कन्नड अस्मितेची मांडणी करताना त्यांना मराठी राष्ट्रवादाचा विटाळ वाटला नाही.

भोसल्यांचा इतिहासही असाच सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. मालोजीराजांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा उभारले. मालोजींचे पुत्र शहाजीराजे आदिलशाही चाकरीत बंगळूरला राहिले आणि १६६४ मध्ये कर्नाटकातल्या होदिगेरे येथे वारले. त्यांची समाधी तिथेच आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात भोसले घराण्याचे मूळ दक्षिणेत, कन्नड मुलखात शोधले. संशोधनाचा हा धागा २०२१ मध्ये थेट राजकारणात आला. सीमावादावरून वातावरण तापलेले असताना कर्नाटकचे उपमुख्यमंत्री, भाजपचे गोविंद कारजोळ यांनी शिवाजी महाराजांचे पूर्वज कन्नड असल्याचे जाहीरपणे सांगितले. या विधानात दोन गोष्टी एकत्र होत्या: महाराष्ट्राला टोला आणि शिवाजी महाराज आपलेच असल्याचा दावा. जुन्या कन्नड संघटनांना अशा दाव्याची गरज नव्हती, कारण त्यांच्या लेखी शिवाजी हे परक्या भाषेचे प्रतीक होते. हिंदुत्ववादी पक्षाला मात्र ती गरज होती.

वेरूळ कोणत्या राज्यात जाणार हे बेळगावच्या वादात नव्हे, तर हैदराबाद संस्थानाच्या विभागणीत ठरले. हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि हिंदू संघटनांच्या राजकारणाचा प्रादेशिक प्रश्नावर झालेला पहिला मोठा परिणामही इथेच दिसला. १९३८-३९ मध्ये आर्य समाज आणि सावरकरांच्या नेतृत्वाखालची हिंदू महासभा यांनी निजामाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच सुमारास हैदराबाद स्टेट काँग्रेसचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही लढे एकच समजले जाऊ लागले. नागरी हक्कांच्या मागणीला धार्मिक रंग चढेल या चिंतेने गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह थांबवला. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने जी चळवळ चालवली, तिने संस्थानाच्या विलीनीकरणाबरोबरच भाषावार विभागणीचाही आग्रह धरला. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याची तीन भागांत वाटणी झाली: मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात. वेरूळ मराठवाड्याबरोबर आले. बीदर, भालकी आणि आळंदच्या परिसरातील मराठी गावे मात्र म्हैसूर राज्यात गेली आणि सीमावादाची पूर्वेकडची शाखा निर्माण झाली.

पश्चिमेकडची शाखा अधिक जुनी आणि अधिक तीव्र. बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूरला गेले. महाराष्ट्राची बाजू १९५७ च्या निवेदनात मांडली गेली ती तीन निकषांवर: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता. यात धर्म किंवा जात कुठेच नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्याबरोबर जनसंघ आणि हिंदू महासभाही होते. १९५७ च्या निवडणुकीत जनसंघाला मुंबई विधानसभेत ४ जागा मिळाल्या त्या याच लाटेवर. पण ही सोबत अडचणीचीच होती. जनसंघाचा वैचारिक कल एककेंद्री राज्यव्यवस्थेकडे होता आणि संघाचे सरसंघचालक गोळवलकर गुरुजी भाषावार प्रांतरचनेचे उघड विरोधक होते. भाषेची फूट हिंदू समाजाच्या ऐक्याला बाधक ठरते, हे या विचाराचे सूत्र. म्हणून सीमावादाची सूत्रे सुरुवातीपासून डाव्या आणि समाजवादी नेत्यांच्या हाती राहिली. सीमाभागात ती महाराष्ट्र एकीकरण समितीकडे आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातून समितीचे आमदार निवडून येत राहिले.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मधील अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस होती. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले होते. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने तो जसाच्या तसा अमलात आणण्याची मागणी केली. या कोंडीत शिवसेना उतरली. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर मुंबईत उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली आणि बाळासाहेब ठाकरे यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या वेळच्या सेनेचा विषय मराठी माणूस हा होता. मुंबईत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता आणि बेळगावचा प्रश्न त्या रोखाशी सहज जुळत होता. १९८६ मध्ये कर्नाटकातील कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मेली, तेव्हा सेनेचे छगन भुजबळ वेशांतर करून बेळगावात शिरले होते. भाषेच्या मुद्द्यावर सीमाभागात झालेली ही सेनेची शेवटची मोठी चढाई म्हणता येईल.

कारण १९८७ पासून सेनेचा विषय बदलला. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक तिने उघडपणे हिंदुत्वावर लढवली आणि जिंकली. दुसऱ्याच वर्षी औरंगाबाद महापालिकेत तिला २७ जागा मिळाल्या आणि ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हणण्यास सुरुवात केली. वेरूळच्या परिसरात सेनेचा विस्तार समजून घेण्यासाठी हा क्रम महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात मराठी माणसासमोर कन्नड किंवा गुजराती प्रतिस्पर्धी नव्हता. तिथे होती ती रझाकारांच्या काळाची आठवण आणि शहरातील मोठी मुस्लिम वस्ती. त्यामुळे मुंबईत भाषेवर वाढलेला पक्ष इथे धर्माच्या मुद्द्यावर रुजला. मुंबईबाहेर वाढायचे तर हा मार्ग फळतो, हे एकदा दिसल्यावर भाजपशी युती झाली. युतीतला दुसरा पक्ष कर्नाटकातही वाढत होता आणि तिथे त्याला कन्नड मतदारांची गरज होती.

कर्नाटकात भाजपच्या वाढीला उत्तर कर्नाटकाने मोठा हात दिला. हुबळीच्या ईदगाह मैदानावर राष्ट्रध्वज फडकवण्याचे आंदोलन १९९४ मध्ये गोळीबारापर्यंत गेले. त्याच वर्षी विधानसभेत पक्षाच्या जागा ४ वरून ४० वर पोहोचल्या. लिंगायत समाजाचा पाठिंबा हा या वाढीचा कणा होता. बेळगाव जिल्ह्यात लिंगायत आणि मराठा हे दोन्ही मोठे समाज, आणि सीमावादाने त्यांना समोरासमोर उभे केलेले. दोघांनाही एका मतपेढीत आणायचे तर भाषेचा वाद बाजूला सारून ‘हिंदू’ म्हणून हाक देणे हाच उपाय होता. २००४ पासून सुरेश अंगडी बेळगावातून सलग चार वेळा लोकसभेवर निवडून आले, ते मराठी मतदारांच्या मोठ्या वाट्याशिवाय शक्य नव्हते.

या काळात वाद न्यायालयातही गेला. मार्च २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केल्यावर बंगळूरात महापौरांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि महापालिका बरखास्त झाली. कर्नाटकाने बेळगावला विधिमंडळाचे अधिवेशन भरवले आणि २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभारून हक्क पक्का केला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले. राज्यात काँग्रेसचे आणि केंद्रात भाजपचे सरकार असताना हा बदल झाला. त्यावरून पक्षापेक्षा राज्याचे हित वरचढ ठरते हे दिसले.

महाराष्ट्र एकीकरण समितीची घसरण मतदानात दिसू लागली. २०१३ मध्ये तिचे दोन आमदार होते; २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. यात समितीतील गटबाजीचा वाटा मोठा आहे, तसेच कर्नाटकात शिकलेल्या, तिथेच नोकरी शोधणाऱ्या नव्या पिढीचाही. पण फुटलेली मते कोणाकडे गेली, याचे उत्तर बव्हंशी भाजप हेच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी मराठा विकास प्राधिकरणासाठी ५० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. सरकारचा हिशेब वेगळा होता: मराठी भाषक म्हणून मागणी करणाऱ्यांना मराठा समाज म्हणून जवळ करायचे. एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली आणि भाजपचा विजय सुमारे ५,००० मतांवर आला. याचा अर्थ भावना जिवंत होती. मात्र त्याच सप्टेंबरमध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. ज्या सभागृहात वर्षानुवर्षे मराठी गटाचे वर्चस्व होते, तिथे कन्नड-मराठी ही विभागणीच मागे पडली.

शिवाजी महाराजांच्या प्रतिमेचे स्थानही याच काळात बदलले. बेळगावात शिवजयंती म्हणजे मराठी हक्काचे प्रदर्शन असे. मार्च २०२३ मध्ये येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावरील शिवपुतळ्याचे अनावरण दोनदा झाले: आधी भाजपचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, तीन दिवसांनी काँग्रेसकडून. निवडणूक तोंडावर होती आणि कर्नाटकातील दोन्ही मोठ्या पक्षांना हा पुतळा आपला हवा होता. याच येळ्ळुरात २०१४ मध्ये महाराष्ट्र राज्य असे लिहिलेला फलक पोलिसांनी उखडला होता. हिंदू राजा म्हणून महाराजांना जागा मिळाली; त्यांच्या नावाने केल्या जाणाऱ्या प्रादेशिक मागणीला मिळाली नाही.

भाजप दोन्ही राज्यांत आणि केंद्रातही सत्तेवर असताना वाद सुटेल, अशी अपेक्षा होती. तिची कसोटी २०२२ च्या अखेरीस लागली. बोम्मई यांनी महाराष्ट्रातील जत तालुक्यातील ४० गावांवर हक्क सांगितला. महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा रद्द झाला. ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून सहा मंत्र्यांची समिती सुचवली आणि न्यायालयाच्या निकालापर्यंत कोणी दावा करू नये असे सांगितले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कर्नाटकाने एक इंचही जमीन न देण्याचा आणि महाराष्ट्राने ८६५ गावांच्या इंच इंच जमिनीसाठी लढण्याचा ठराव एकमताने केला. दोन्हीकडे भाजप सत्तेत असल्याने हिंसा आवरायला वरून निरोप गेला, पण दोन्ही राज्यांतील नेत्यांना आपापल्या मतदारांपुढे माघार दाखवणे परवडणारे नव्हते.

हिंदुत्वाच्या राजकारणाचा सीमावादावरील परिणाम म्हणून तीन बाबी स्पष्ट होतात. सीमाभागात भाषेच्या नावावर एकवटलेले मराठी मत विभागले गेले आणि समितीचा विधानसभेतील आवाज संपला. मुंबईत मागणीची भाषा कायम राहिली, पण सत्तेसाठी केलेल्या युत्यांमुळे तिच्यामागचा दबाव कमी झाला. आणि केंद्राने निर्णय घेण्याऐवजी तंटा थोपवून धरण्याची भूमिका पत्करली. वाद सोडवण्याचे काम त्यामुळे पूर्णपणे न्यायालयावर आले. राज्यांच्या सीमा ठरवणे हे संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असा कर्नाटकाचा आक्षेप आहे. महाराष्ट्राच्या मते हा दोन राज्यांतील तंटा असल्याने १३१ व्या अनुच्छेदाखाली तो सर्वोच्च न्यायालयापुढेच चालायला हवा. दोन दशके उलटूनही दाव्याचा निकाल लागलेला नाही.