कार्ब्युरेटर इंजिन त्वरणावेळी बंद पडणे

ॲक्सिलरेटर जोराने दाबताच गाडीचा वेग वाढण्याऐवजी इंजिन अडखळणे किंवा पूर्णपणे बंद पडणे, हा कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारींत आढळणारा दोष आहे. असे इंजिन उभ्या गाडीत संथपणे चालते, सपाट रस्त्यावर कमी वेगातही तक्रार देत नाही. मात्र चढावर किंवा दुसऱ्या वाहनाला ओलांडताना ऐन वेळी दगा देते. विरळ मिश्रण, इंधनाचा अपुरा पुरवठा आणि क्षीण ठिणगी ही त्याची तीन मुख्य कारणे होत. ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर इंजिन कोणत्या क्षणी व कशा रीतीने बंद पडते, यावरून त्यांपैकी नेमके कारण बहुधा ओळखता येते.

पार्श्वभूमी

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो आणि फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोल जेटमधून ओढले जाऊन हवेत मिसळते. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण शक्तीसाठी मिश्रण याहून दाट, म्हणजे १ भाग पेट्रोलला साधारण १२.५ ते १३ भाग हवा असे असावे लागते. थ्रॉटलची झडप एकाएकी उघडली की हवा तत्काळ आत शिरते; पेट्रोल मात्र जड असल्याने मागे पडते आणि त्याचा काही अंश नळीच्या आतील बाजूस थेंबरूपाने चिकटून राहतो. त्यामुळे जेव्हा दाट मिश्रणाची गरज असते, नेमके तेव्हाच ते क्षणभर विरळ होते.

कारणे व लक्षणे

ॲक्सिलरेटर दाबताक्षणी अडखळणे: ही क्षणिक उणीव भरून काढण्यासाठी अनेक कार्ब्युरेटरांत छोटा ॲक्सिलरेटर पंप असतो. तो झडप उघडताना पेट्रोलची जादा धार सोडतो. पंपाचा पडदा फाटल्यास किंवा त्याची बारीक वाट कचऱ्याने बुजल्यास इंजिन लगेच अडखळते आणि कधी कार्ब्युरेटरमधून उलटा फटका ऐकू येतो. मॉरिस मायनर, एम.जी. यांसारख्या ब्रिटिश मोटारींतील एस.यू. कार्ब्युरेटरांत असा पंप नसतो. तेथे वर-खाली होणाऱ्या पिस्टनची गती तेलाच्या साहाय्याने मंदावून मिश्रण दाट राखले जाते. हे तेल संपले तरी हाच दोष दिसतो.

काही सेकंदांनी शक्ती ओसरणे: सुरुवातीला इंजिन जोराने ओढते आणि मग धाप लागल्यासारखे मंदावते. याचा अर्थ फ्लोटच्या कप्प्यातील साठा संपत आहे आणि तो भरून निघत नाही. टाकीतील गंज, तुंबलेला फिल्टर, दुबळा झालेला इंधनपंप किंवा चिकटलेली फ्लोटची सुईझडप ही त्याची कारणे असतात. पंपाच्या अलीकडील रबरी नळीला चीर पडली असल्यास पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बुजल्यास टाकीत निर्वात तयार होतो. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो व गाडी पुन्हा नीट चालू लागते. अपुऱ्या पुरवठ्याचे जुने उदाहरण फोर्ड मॉडेल टी या मोटारीचे आहे. तिच्यात पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे येत असे. त्यामुळे टाकी अर्धवट रिकामी असताना चालक उभा चढ गाडी उलटी चालवून पार करीत.

धक्के देत किंवा एकदम बंद पडणे: झडप पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्टेज लागते. जळलेले पॉइंट, निकामी कंडेन्सर, दुबळी कॉइल, तडा गेलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी किंवा झिजलेले प्लग अशा वेळीच उघडे पडतात. निर्वाताच्या बदलानुसार डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची तबकडी किंचित फिरते. तिला जोडलेली तार आतून तुटलेली असल्यास ॲक्सिलरेटर दाबताच विद्युतप्रवाह खंडित होतो. वरून अखंड दिसणारी ही तार अनेकदा नजरेतून सुटते.

निदानाचा क्रम

प्रथम प्लग, पॉइंटची फट व ठिणगीची वेळ तपासून मगच कार्ब्युरेटरला हात लावावा. ठिणगी सदोष असताना केलेली मिश्रणाची जुळवणी व्यर्थ ठरते. नंतर थंड इंजिन बंद ठेवून हवेचा फिल्टर काढावा आणि थ्रॉटल हाताने उघडावा. पंप असलेल्या कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची स्पष्ट धार दिसली पाहिजे. गाडी चालवताना चोक थोडा ओढल्यावर अडखळ कमी झाली, तर मिश्रण विरळ असल्याचे समजावे. इंधनाच्या पुरवठ्याविषयी शंका असल्यास पंपाचा दाब व ठरावीक वेळेत मिळणारे पेट्रोल मोजून उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. अनेक भाग एकदम बदलल्यास गाडी सुधारली तरी मूळ दोष अज्ञातच राहतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या ज्वलनास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागत असल्याने जुन्या जेटमधून तेच मिश्रण विरळ ठरते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते आणि पाणीही शोषून घेते. म्हणून दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे व टाकी स्वच्छ करणे इष्ट ठरते.

सुरक्षितता व जतन

दुसरे वाहन ओलांडताना इंजिन बंद पडणे जीवघेणे ठरू शकते. म्हणून दोष दूर होईपर्यंत अशी गाडी वाहत्या रस्त्यावर नेऊ नये. पेट्रोलची चाचणी मोकळ्या हवेत, ठिणगी व ज्योतीपासून दूर आणि अग्निशामक जवळ ठेवून करावी.

भारतातील २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते. त्यामुळे मूळ यंत्रणा काढून नवी बसवण्यापेक्षा तिच्यातील दोष शोधून दुरुस्त करणे, हे अशा मोटारींच्या जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते.