कापसाचा भाव आणि मुंबईची बँक

एखादा ऋणको बुडाला म्हणजे लोक त्याच्या नीतीस दोष देऊन मोकळे होतात. परंतु शेंकडों ऋणको एकाच वर्षीं बुडतात, तेव्हां त्याचें कारण माणसांच्या स्वभावांत नव्हे, तर काळाच्या फेऱ्यांत शोधावें लागतें. मुंबईला १८६५ सालीं याचा दारुण प्रत्यय आला.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांनीं हिंदुस्थानाकडे धाव घेतली. गुजरात, खानदेश व वऱ्हाड येथील कापूस सोन्याच्या मोलानें विकला जाऊं लागला व मुंबईंत अपार पैसा लोटला. नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या मंडळ्या यांचें पेव फुटलें. बॅक बे मंडळीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला.

१८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेंत सरकारचेंही भांडवल होतें. १८६३ च्या कायद्यानें तिला शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची मुभा मिळाली. पुढें नुसत्या सहीवरही मोठमोठ्या रकमा दिल्या गेल्या. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तेथें प्रमाण मानला जाई. तेजी होती तोंवर व्याज येत राहिलें, नफा फुगत गेला, आणि त्या नफ्यावरूनच कर्जें सुरक्षित असल्याचें मानलें गेलें. खरी चूक ती हीच. ऋणकोची ऐपत, तारणाची किंमत आणि बँकेचा नफा हीं तिन्ही एकाच कापसाच्या भावावर टांगलेलीं होतीं.

एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि भाव कोसळला. १ जुलै हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशीं देणें कोणासच फेडतां येईना. कालचे धनिक दिवाळखोर ठरले. तारण ठेवलेले शेअर विकावयास गेल्यास गिऱ्हाईक मिळेना. बँकेचें सुमारें दोन कोटी नऊ लाखांचें भांडवल बहुतेक सारें नाहींसें झालें. १८६८ सालीं ती मोडीत निघाली, तिच्या जागीं नवी बँक उभी राहिली, आणि त्याच वर्षीं सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें.

तेजींत दिलेल्या कर्जाची परीक्षा मंदींतच होते. सुकाळाचा नफा ही उसनी रक्कम असते. तींतला कांहीं भाग दुष्काळासाठीं जो सावकार राखून ठेवीत नाहीं, त्याच्या तिजोरीस अखेर ऋणकोबरोबरच दिवाळें काढावें लागतें.