भांडी घासण्याची द्रव्ये

स्वयंपाकाच्या व जेवणाच्या भांड्यांना चिकटलेले अन्नकण, तेलतूप, काजळी आणि धातूवर चढलेला गंज काढून टाकण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पदार्थांचा या संज्ञेत समावेश होतो. कार्यानुसार त्यांचे चार वर्ग पडतात : (१) राख, माती, विटेची पूड यांसारखी घर्षक द्रव्ये, (२) राखेतील खार, धुण्याचा सोडा यांसारखी क्षारीय द्रव्ये, (३) चिंच, लिंबू, आमसूल यांसारखी अम्लीय द्रव्ये आणि (४) रिठा, साबण व संश्लेषित प्रक्षालके यांसारखी पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये. ही द्रव्ये घरच्या घरी तयार करण्याची प्रथा अतिप्राचीन असून भांडी धुण्याच्या यंत्राच्या प्रसारानंतर तिला निराळ्या स्वरूपात पुन्हा चालना मिळाली आहे.

पारंपरिक द्रव्ये : भारतात धातूंच्या पात्रांच्या शुद्धीचा विचार धर्मशास्त्रातही आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांच्या पात्रांची शुद्धी क्षार, अम्ल व पाणी यांनी यथायोग्य करावी, असे सांगितले आहे. अन्यत्र राख व माती यांचाही निर्देश आहे. धातूनुसार द्रव्य निवडण्याची ही दृष्टी पुढे घरोघरच्या व्यवहारात टिकून राहिली.

चुलीतील लाकडाची राख हे यांपैकी सर्वांत सार्वत्रिक द्रव्य होय. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट पुष्कळ असून पोटॅशियम कार्बोनेट हे विद्राव्य लवणही असते. पहिल्यामुळे भांडे घासले जाते, तर दुसऱ्याची तेलातील मुक्त वसाम्लांशी विक्रिया होऊन अल्पसा साबण भांड्यावरच तयार होतो. घासण्यासाठी नारळाची शेंडी, काथ्या किंवा पेंढा वापरीत. तांब्यापितळेच्या भांड्यांवर चढणारी ऑक्साइडे व कार्बोनेटे मात्र राखेने नीट निघत नाहीत; ती चिंचेतील टार्टारिक अम्लाने विरघळतात. देवपूजेची उपकरणी चिंचेने, कोकणात आमसुलाने उजळण्याच्या प्रघातामागे हेच कारण आहे. कल्हई केलेली भांडी आतून फार घासल्यास कथिलाचा पातळ थर झिजतो. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिने असतात. साल भिजवून केलेला काढा फेसाळतो व तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवतो.

मातीचा वापर मात्र निर्धोक नव्हता. अंगणातील अथवा उकिरड्यानजीकच्या मातीबरोबर जंतांची अंडी व रोगकारक जंतू भांड्यांवर येण्याचा धोका असे.

खारांची निर्मिती : राखेचे पाणी आटवून खार मिळविण्याची कृती अनेक देशांत प्रचलित होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पहिले एकस्व (पेटंट) १७९० मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स यांना राखेपासून पोटॅश तयार करण्याच्या पद्धतीसाठीच देण्यात आले. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी क्षारीय असून तेथील सोड्याची लवणे पूर्वी गोळा करण्यात येत. ऐन-इ-अकबरी या ग्रंथात त्या परिसरात काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात, असा उल्लेख आहे.

फ्रान्समध्ये नीकॉला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. बेल्जियममधील एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये अमोनियाचा उपयोग करणारी अधिक किफायतशीर पद्धत शोधली व तिच्यावर आधारलेला त्यांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. सौराष्ट्रात मिठापूर येथील टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ मध्ये स्थापन झाली. सोडा स्वस्त झाल्याने खार घरी करण्याचे प्रयोजन उरले नाही. तथापि भारतीय स्वयंपाकघरातून राख नाहीशी होण्याचे कारण याहून साधे आहे. चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह व पुढे गॅसची शेगडी आल्यावर राखच मिळेनाशी झाली. त्याच काळात स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ झाल्याने कल्हई व चिंच यांची गरजही ओसरली.

भांडी धुण्याचे यंत्र व फॉस्फेटे : जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचे एकस्व घेतले, पण ते फारसे उपयोगी ठरले नाही. इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रन या महिलेने तारांच्या कप्प्यांत भांडी ठेवून त्यांवर गरम पाण्याचा जोरदार मारा करणारे यंत्र बनविले व १८८६ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. प्रारंभी त्याचे ग्राहक मुख्यतः उपाहारगृहे व हॉटेले हेच होते.

या यंत्रात घासण्याची क्रिया नसल्याने सर्व भार उष्णता, पाण्याचा मारा व रसायने यांवर पडतो. साबण येथे निरुपयोगी ठरतो. कारण फेसामुळे पाण्याचा मारा मंदावतो आणि दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाची विक्रिया होऊन भांड्यांवर साका बसतो. ही अडचण फॉस्फेटांनी दूर केली. कॅल्शियमाला विद्राव्य रूपात बांधून ठेवण्याचा त्यांचा गुण यंत्रासाठी योग्य ठरला. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीची कॅस्केड ही पूड १९५५ मध्ये बाजारात आली.

सांडपाण्यातून जलाशयांत गेलेले फॉस्फेट शैवलांचे पोषण करते. शैवले मरून कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो व मासे गुदमरतात. ईअरी सरोवराच्या दुरवस्थेनंतर अमेरिका व कॅनडा यांनी १९७२ मध्ये महासरोवरांच्या जलगुणवत्तेसंबंधी करार केला. कपडे धुण्याच्या पुडींवर आधी निर्बंध आले. भांड्यांच्या यंत्रासाठीच्या पुडींतील फॉस्फेट अमेरिकेच्या अनेक राज्यांनी २०१० मध्ये व यूरोपीय संघाने २०१७ पासून जवळजवळ संपुष्टात आणले. त्याची जागा सायट्रेटे, ऑक्सिजन देणारी विरंजके आणि स्टार्च व प्रथिने यांचे विघटन करणारी एंझाइमे यांनी घेतली.

घरगुती मिश्रणे : रासायनिक प्रदूषणाविषयीची जाणीव वाढल्यावर यंत्रासाठीची पूड घरी तयार करण्याकडे कल झाला. भारतात २०२० मधील टाळेबंदीत घरकामासाठी येणाऱ्या स्त्रियांचे येणे थांबले व अनेक शहरी कुटुंबांनी हे यंत्र घेतले. रूढ मिश्रणात धुण्याचा सोडा, टाकणखार, सायट्रिक अम्ल (लिंबूसत्त्व) व मीठ असते. खाण्याचा सोडा भट्टीत सु. २००° से. तापमानाला तापविल्यास पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडा मिळतो. मूळ वजनाच्या सु. ६३ टक्के भाग उरतो.

या मिश्रणातील सोडा तेलावर कार्य करतो. सायट्रिक अम्ल सोड्याशी विक्रिया पावून सोडियम सायट्रेट देते व ते कॅल्शियमाला बांधते. मात्र १०० ग्रॅ. निर्जल सायट्रिक अम्लामागे सु. ८३ ग्रॅ. निर्जल सोडा खर्ची पडतो. त्यामुळे अम्ल जास्त घातल्यास पुडीचे बळच नष्ट होते. दमट हवेत हीच विक्रिया डब्यातच सुरू होऊन पुडीचे खडे बनतात. मिठाबाबत एक गैरसमज आढळतो. यंत्राच्या स्वतंत्र कप्प्यातील मीठ पाणी सुफेन करणाऱ्या रेझिनाचे पुनरुज्जीवन करते. पुडीत मिसळलेले मीठ हे कार्य करू शकत नाही. टाकणखार प्रजननक्षमतेस अपायकारक असल्याचे आढळल्याने यूरोपीय संघाने २०१० मध्ये त्याचा समावेश अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत केला.

एंझाइमांच्या अभावी भाताचा व पिठल्याचा वाळलेला स्टार्च, दुधाची साय यांवर हे मिश्रण अपुरे पडते. दुष्फेन पाण्यात, उदा., दख्खनच्या अनेक विंधन विहिरींच्या पाण्यात, काचेवर पांढरट पापुद्रा येतो. ॲल्युमिनियमची भांडी सोड्याने काळवंडतात. ती अशा पुडीने धुऊ नयेत. रिठ्याचा काढा फेसामुळे यंत्रात चालत नाही. हाताने भांडी घासण्यास तो चांगला. गूळ, लिंबूवर्गीय फळांच्या साली व पाणी १ : ३ : १० या प्रमाणात सु. तीन महिने आंबवून केलेला द्रवही वापरात आहे. तो अम्लीय असल्याने तांब्यापितळेवरील डागांवर विशेष लागू पडतो.

मूल्यमापन : एखादे द्रव्य नैसर्गिक आहे एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. रिठ्यातील सॅपोनिने माशांना विषारी असतात, तर राखेचा खार त्वचेला दाहक असतो. उलट, कारखान्यात तयार झालेले सायट्रेट पाण्यात सहज विघटन पावते. द्रव्याची निवड करताना भांड्याचा धातू, पाण्याची दुष्फेनता, घासणाऱ्याचे हात आणि सांडपाणी ज्या नदीत वा तलावात जाते तेथील जीवसृष्टी या चारही बाबी विचारात घ्याव्या लागतात. पूर्वी राखेचे पाणी परसातील केळीच्या आळ्यात जिरत असे. आज मोरीतील पाणी बहुधा प्रक्रिया न होताच नदीत पोहोचते. बंगळूर येथील बेळंदूर तलावावर २०१५ मध्ये साचलेले फेसाचे ढीग हे त्याचे ठळक उदाहरण होय.