दाराचे स्थलांतर

जुन्या वाड्याचे दार आणायचे, त्याला चार पाय लावायचे आणि दिवाणखान्यात टेबल म्हणून मांडायचे, ही आज हौस समजली जाते. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मात्र एका घराचे दार दुसऱ्या ठिकाणी वापरणे ही हौस नव्हती, गरज होती. त्या गरजेचा इतिहास दीडशे वर्षे तरी मागे नेता येतो.

हा मुलूख पर्जन्यछायेतला. घरे पांढरीच्या मातीची, वर माळवद. भिंत खचली तर मातीला माती मिळे. पुन्हा उभी करायला पैशापेक्षा अंगमेहनत लागे. लाकडाचे तसे नव्हते. बाभूळ आणि लिंब शिवारात मिळत, पण साग बाहेरून आणावा लागे. त्यामुळे साध्या घरातही खांब, तुळया आणि दार हाच किमती ऐवज असे. शिवाय जुने दार सुटे करता येई. त्याला बिजागऱ्या नसत. झडपेच्या वरच्या-खालच्या टोकाला ठेवलेली गोल खुंटी चौकटीच्या आणि उंबऱ्याच्या खळग्यात फिरे. चौकट खाचा आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेली असे. सुताराने ती सोडवली की गाडीत घालून नेता येई. घर स्थावर, पण दार जंगम, असा हा प्रकार होता.

जे उचलून नेता येते, ते सावकारालाही नेता येते. इंदापूर तालुक्यात १८३६ साली ठरलेली तीस वर्षांची सारा-आकारणी १८६७ मध्ये फेरतपासणीनंतर वाढली. त्याआधीच, १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले होते आणि कापसाची तेजी ओसरू लागली होती. कर्ज वाढले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते हिसकावून जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती हीच.

या दंग्याच्या इतिहासात १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचा उल्लेख नेहमी होतो. त्याच्या दोन वर्षे आधीचे एक कलम मात्र सहसा कुणी पाहत नाही. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम २६६ मध्ये, कोणत्या वस्तू जप्त करता येणार नाहीत याची यादी आहे. तीत शेतकऱ्याच्या मालकीच्या आणि त्याच्या वापरातल्या घराचे सामान येते. हा कायदा एकट्या दख्खनसाठी नव्हता. पण माळवदाच्या घराचे सामान म्हणजे तुळया, खांब आणि दारच. ते काढून नेले की राहतात नुसत्या भिंती, हे कायद्यालाही मान्य करावे लागले. १९०८ च्या संहितेतील कलम ६० ने हे संरक्षण पुढे चालवले.

शंभर वर्षांनी दारे निघाली ती पाण्यामुळे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाचा निम्म्याहून अधिक साठा मृत आहे, म्हणजे बुडालेली गावठाणे सहसा उघडी पडतच नाहीत. पाणी चढण्याआधी लोकांनी घरे उतरवली. भिंती तिथेच सोडल्या, लाकूड बरोबर घेतले. पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत नव्याने वसले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर येते, छायाचित्रे छापून येतात. दगड जागेवर राहिला म्हणून तो दिसतो. लाकूड माणसांबरोबर गेले, म्हणून त्याचे छायाचित्र कुणी काढले नाही.

सिमेंटच्या नव्या घरांत ही दारे मापात बसत नाहीत. मग कुठे त्यांचा बाक होतो, कुठे गोठ्याचे फाटक, कुठे चुलीचे सरपण. यांतला बाक सर्वांत चांगला, आणि स्वस्तही: झडप घरचीच असते, खर्च काय तो पायांचा, स्क्रूंचा आणि सुताराच्या मजुरीचा. पण सुतार पहिल्यांदा रंधा हातात घेतो, आणि तिथेच नुकसान होते. कडीने घासलेला अर्धगोल, अडसराची खाच, उंबऱ्याकडच्या टोकाची झीज, दिवाळीत लावलेल्या तेलाचे डाग, हे सारे रंध्याच्या दोन हातांत भुश्यात जाते. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे आरोग्यालाही वाईट. ओल्या फडक्याने पुसून, खिळे तपासून, अळशीचे तेल दिले तरी लाकूड टिकते.

एवढे करताना आणखी एक काम करावे. झडपेच्या मागच्या बाजूस गावाचे नाव, घराण्याचे नाव आणि दार काढल्याचे साल लिहून ठेवावे. बुडालेल्या घरांचे नकाशे सरकारी दप्तरात असतील. पण घरातली माणसे रोज ज्याला हात लावून आत-बाहेर करीत, ते दार आता बाक होऊन ओसरीत उभे आहे. ते कुठून आले हे सांगणारी पिढी अजून आहे, तोवर विचारून घ्यावे.